तळव्यांची खाज आणि आईचं पहिलं बाळंतपण

खाज सुरू झाली तेव्हा मला सातवा संपून आठवा लागला होता. गिरगावातल्या एका लग्नपत्रिकांच्या दुकानात मी कंपोझिंगचं काम करत होते. गिऱ्हाईक कागदावर लिहून आणतं तो मजकूर कॉम्प्युटरवर बसवायचा, कुलदैवतांची नावं किती ओळींत घ्यायची ते ठरवायचं, आजोबांच्या नावाआधी ‘कैलासवासी’ लावायचं की नाही हे दोनदा विचारून खात्री करायची. सगळं काम बोटांचं. एका दुपारी एक घाईची पत्रिका टाइप करता करता माझ्या लक्षात आलं की मी मघापासून उजवा तळहात टेबलाच्या कडेवर घासते आहे. तळहात उलटा करून पाहिला. काहीच नव्हतं. ना पुरळ, ना डास चावल्याची खूण.

दोन-तीन दिवसांत डावा हातही खाजू लागला, मग दोन्ही तळपाय. ही खाज वरवरची नव्हती. कातडीच्या आत, जिथं नख पोचत नाही तिथं कुठंतरी ती होती. खाजवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि हात थांबवला की दुप्पट. दिवस मावळला की ती वाढायची. झोप तर अशी उडाली होती की सकाळी दुकानात ‘चि. सौ. कां.’ मधलं ‘कां’ मी दोनदा गाळलं आणि मालकांनी न रागावता प्रूफ परत माझ्यासमोर ठेवलं.

लालबागला आमच्या घरी मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना मी मम्मी म्हणते. त्यांनी खोबरेलात कापूर घालून दिला, कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ करायला लावली. वर खुशीत म्हणाल्या, “बाळाला जावळ भरपूर असणार बघ. पोट खाजलं की तसं असतं.”

“पण मम्मी, पोट नाही खाजत. तळवे खाजतात.”

“तेच ते,” त्या म्हणाल्या.

माझं नाव दादरच्या एका नर्सिंग होममध्ये घातलं होतं. माझ्या नणंदेची दोन्ही बाळंतपणं तिथल्याच डॉक्टरीणबाईंनी केली होती, त्यामुळे दुसरीकडे कुठे जायचा प्रश्नच नव्हता. बाई वाईट नव्हत्या, हे मला आधीच सांगायला हवं. हसून बोलायच्या, पोटावर हात ठेवताना आधी हात चोळून गरम करायच्या. पण बाहेर वीस-पंचवीस बायका बसलेल्या असायच्या आणि आत एकीला मिळायची पाच मिनिटं.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मे महिना आहे. उकाडा किती आहे बघताय ना? पाणी प्या, सुती कपडे घाला.” दुसऱ्या खेपेला त्यांनी लावायला लोशन दिलं आणि कपडे धुवायची पावडर बदलायला सांगितली. मी पावडर बदलली, साबण बदलला, नेलपॉलिश लावणं बंद केलं. फरक पडेना. तोवर मी फोनवर शोधून वाचलं होतं की गरोदरपणात तळवे खाजणं यकृताच्या बिघाडामुळेही असू शकतं. तिसऱ्या खेपेला मी धीर करून ते बोलले.

बाईंनी माझी खालची पापणी ओढून डोळे पाहिले. “पांढरेशुभ्र आहेत डोळे. लिव्हरचं काही असतं तर कावीळ दिसली असती. नेटवर वाचणं बंद करा आधी. पहिलटकरणींना ना, घाबरायला काहीतरी लागतं.” त्यांनी ॲलर्जीची गोळी लिहून दिली. बाहेर पडताना तिथली नर्स माझ्याकडे पाहून समजुतीचं हसली.

ते हसू मला फार लागलं. वाटलं, खरंच मी बाऊ करते आहे. नवऱ्याला म्हणाले तर तो म्हणाला, “अगं, इतक्या वर्षांचा अनुभव आहे त्यांना. त्या म्हणतात काही नाही, तर काही नसेल.” तो मला दुखवायला बोलत नव्हता, स्वतःची समजूत घालत होता. त्यानंतर मी खाजेबद्दल कोणाशी बोलायचंच सोडून दिलं. हात मांडीखाली दाबून बसायचे. पायांसाठी मला एक जागा सापडली होती, दाराबाहेरचं काथ्याचं पायपुसणं. त्यावर अनवाणी उभं राहून तळपाय घासले की डोळे मिटायचे इतकं बरं वाटायचं. शेजारच्यांचं दार वाजलं की मी चप्पल शोधत असल्याचं दाखवायची.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून तेहतिसाव्या आठवड्यात मी माझगावला आईकडे गेले. नाव दादरलाच घातलेलं, पण राहायचं आईकडे. बाबा गोदीतल्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. आईनं माझ्यासाठी खिडकीशेजारची कॉट रिकामी केली होती. पोचले त्या दिवशी मी तिला काही सांगितलं नाही. सांगून पुन्हा तेच ऐकावं लागलं असतं, उकाडा, ॲलर्जी, जावळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाजारात गेली होती. बाबा पेपर वाचत होते. दाराबाहेर इथंही काथ्याचं पायपुसणं होतं. मी त्यावर उभी राहिले आणि घासायला लागले. जिन्यात पावलं वाजली ती मला ऐकूच आली नाहीत. डोळे उघडले तेव्हा आई दोन पायऱ्या खाली उभी होती. हातात बोंबलांची पिशवी, आणि नजर माझ्या पायांवर.

“काय करतंस?”

“काही नाही गं, पायाला जरा...”

“हात दाखव.”

मी हात पुढे केले. तळहातांवर ओरखडे होते, बोटांच्या बेचक्यात खरवडून रक्त आलेलं. आईनं पिशवी पायरीवरच ठेवली. माझे दोन्ही हात हातात धरून ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडचा रंग गेला. आई एरवी घरात साधं मराठी बोलते, मालवणी तिच्या तोंडून येते ती गावचं कोणी आलं तर, नाहीतर ती घाबरली तर.

“कधीपास्ना खाजता गो तुका?”

“महिना झाला.”

“आणि माका सांगूक नाय?”

“डॉक्टरांना सांगितलं मी. तीनदा. त्या म्हणतात ॲलर्जी.”

आई घरात गेली, बोंबील फ्रिजमध्ये ठेवले, साडी बदलली, बाबांना म्हणाली, “आम्ही परळला जाऊन येतो.” बाबांनी विचारलं, “परळला कशाला?” तोवर ती दारात पोचली होती. मी म्हटलं, “आई, माझं नाव दादरला आहे. असं कसं कुठेही जायचं?” तर ती चपला घालता घालता म्हणाली, “दादरच्या बाईनं तीनदा ऐकलं. आता दुसरं कोणीतरी ऐकू दे.”

टॅक्सीत ती सगळा वेळ माझा हात धरून बसली होती. परळच्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात आम्ही केसपेपर काढला आणि बाह्यरुग्ण विभागात बाकावर बसलो. आमच्यापुढे बऱ्याच जणी होत्या. पंखा होता, पण तो आमच्या बाकापासून लांब. आईनं पदरानं वारा घालायला सुरुवात केली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

“तुझ्या आधी मला एक झालं होतं.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“तेव्हा आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो, तुझ्या आजीबरोबर. मी घरी मशीन चालवायचे. परकर शिवून द्यायचे दुकानाला. नववा लागला आणि माझे तळवे खाजायला लागले. असेच. मी पाय जमिनीच्या लादीवर घासायचे. कोकम लावलं, ताक लावलं, सगळं केलं. दवाखान्यात सांगितलं तर म्हणाले, गरोदरपणात होतं असं. आणि मग एक दिवस...” पदर हलायचा थांबला. “एक दिवस पोटात हालचालच लागेना. नेलं तोवर संपलं होतं.”

मी एकोणतीस वर्षांची होते. एकुलती एक म्हणून वाढलेली. माझ्या आधी कोणी होतं हे मला त्या बाकावर कळलं.

“मला कधी सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? तुझी आजी म्हणाली, पाय मारून मारून मशीन चालवलीस, म्हणून पोट हललं. सगळ्यांना ते पटलं. मलापण पटलं.”

मला एकदम माझ्या शाळेतल्या दिवसांतली एक गोष्ट आठवली. गणवेशाचा फ्रॉक उसवला की आई तो खाली शिंप्याकडे द्यायची. वर्गातल्या मुलींच्या आया घरी शिवायच्या. मी एकदा विचारलंही होतं, तुला शिवता येत नाही का? “नाही,” ती म्हणाली होती. ते खोटं होतं हे मला तीस वर्षांच्या उंबरठ्यावर समजत होतं.

“आणि माझ्या वेळी?” मी विचारलं.

“तुझ्या वेळीपण खाज आली थोडी. मी देवाला पदर पसरला. पण तू आठव्यातच आलीस, आपणहून.”

हे मात्र मला माहीत होतं. आमच्या घरात तो हसायचा विषय होता, की हिला जन्मापासून घाई. कोणी पाहुणा आला की बाबा सांगायचे. आता कळत होतं की त्या वेळी आई का हसायची नाही.

आमचा नंबर आला. आत एक तरुण डॉक्टरीण होती, शिकाऊ असावी. केस कसेबसे क्लिपमध्ये बांधलेले, मराठी हिंदीच्या वळणाचं. तिनं माझी दादरची फाइल चाळायला घेतली, तेवढ्यात आई टेबलाला टेकून उभी राहिली.

“डॉक्टर, आधी माझं ऐका. फाइल मग बघा.”

ती मुलगी दमलेली होती, तिच्यामागे रांग होती, ती सहज म्हणू शकली असती की पेशंटला बोलू द्या. तिनं पेन खाली ठेवलं. “बोला मावशी.”

आईनं चार वाक्यांत सांगितलं. तळवे, खाज, पुरळ नाही, नवव्या महिन्यात मूल गेलं. डॉक्टर ऐकता ऐकता सरळ बसली. मग ती माझ्याकडे वळली.

“तुम्हाला कुठे खाजतं?”

“तळहात, तळपाय. आता थोडं दंडांनापण.”

“रात्री जास्त होतं?”

“हो.”

“लघवीचा रंग?”

“गडद असतो. मला वाटलं पाणी कमी पडतंय.”

तिनं टॉर्च लावून माझे तळवे पाहिले, फाइलचं पहिलं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दादरला पहिल्या दिवशी मी स्वतः भरलेला फॉर्म होता तो. घरच्यांच्या आजारांचा, आईच्या बाळंतपणांचा रकाना होता. त्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘काही नाही.’

“इथं ‘काही नाही’ लिहिलंय,” ती म्हणाली.

“मला आज कळलं,” मी म्हटलं. “बाहेर बाकावर.”

तिनं मला लगेच रक्त द्यायला पाठवलं. मग एका खोलीत मला आडवं केलं, पोटाला पट्टा बांधला आणि यंत्र सुरू केलं. बाळाचे ठोके खोलीभर ऐकू येऊ लागले. भरभर, एका लयीत. नर्स म्हणाली, “छान आहे बाळ.” आई कॉटच्या लोखंडी कठड्याला धरून उभी होती. वीस मिनिटं ती बसली नाही. कोणी स्टूल आणून दिलं तरी बसली नाही.

यकृताचा रिपोर्ट त्याच दिवशी आला, तो बिघडलेला होता. दुसरी एक तपासणी बाहेर पाठवावी लागली, ती दोन दिवसांनी आली. त्या दिवशी नवराही सुट्टी घेऊन आमच्याबरोबर होता. त्याच तरुण डॉक्टरनं आम्हाला समोर बसवलं.

“याला कोलेस्टेसिस म्हणतात. गरोदरपणात काही जणींचं लिव्हर नाजूक होतं. पित्त नीट वाहून जात नाही, ते रक्तात उतरतं. त्यानं खाज येते. कावीळ दिसतेच असं नाही, बहुतेक वेळा नाही दिसत. घराण्यात असू शकतं. तुम्हाला त्रास फक्त खाजेचा, डिलिव्हरीनंतर ती जाते. पण बाळाला धोका असतो. शेवटच्या आठवड्यांत काही वेळा अचानक बाळाचे ठोके...”

तिचं लक्ष आईकडे गेलं आणि ती अडखळली.

“थांबतात,” आईनं वाक्य पुरं केलं.

“हो मावशी. पण आता आपल्याला माहीत आहे. औषध आहे. आठवड्यातून दोनदा ठोके बघायचे, रक्त तपासायचं आणि वाट न बघता लवकर डिलिव्हरी करायची. माहीत असलं की खूप काही करता येतं.”

नवऱ्यानं बाळाबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले. त्याचा आवाज बारीक झाला होता. मग आई म्हणाली, “मला एक विचारायचंय. मशीन चालवून असं होतं का?”

डॉक्टरला कळेना. “कुठलं मशीन?”

“शिलाईचं. पायानं चालवायचं.”

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, आजी काय म्हणाली होती ते. ती उठली आणि शेजारच्या खोलीतून तिच्या वरिष्ठ मॅडमना घेऊन आली. त्या पन्नाशीच्या, चष्मा केसांत अडकवलेला. त्यांनी उभ्या उभ्या सगळं ऐकलं, मग खुर्ची ओढून आईसमोर बसल्या.

“तेव्हाचे कागद आहेत का?”

“नाहीत.”

“मग मी अगदी शंभर टक्के सांगू शकत नाही. ते खोटं होईल. पण तुम्ही जे सांगताय, मुलीचा रिपोर्ट जे सांगतोय, त्यावरून मला वाटतं तुम्हाला हेच झालं होतं. आणि मशीन चालवून हे होत नाही, हे मात्र मी शंभर टक्के सांगते. तुम्ही काही केलं नव्हतंत. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं.”

आई मान हलवत राहिली. रडली नाही. “हे नाव मला लिहून द्या,” म्हणाली, “मराठीत.” मॅडमनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहून तो तुकडा फाडून दिला.

बाहेर पॅसेजमध्ये येऊन आईनं फोन काढला आणि बाबांना लावला. तिला फोन कानापासून लांब धरून, स्पीकरवर बोलायची सवय आहे. त्यामुळे पॅसेजमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

“ऐकलंत काय? मशिनीमुळे नव्हतं.”

“काय मशिनीमुळे?”

“आपलं पहिलं. पित्ताचा रोग होता. नाव आहे त्याला. डॉक्टरांनी लिहून दिलंय.”

 मग बाबा म्हणाले, “मी कधी म्हटलं होतं मशिनीमुळे म्हणून?”

“तुम्ही नव्हतं म्हटलंत,” आई म्हणाली. “पण नाही, असंही तुम्ही कधी म्हटलं नाहीत.”

फोन चालूच होता.  शेवटी ते म्हणाले, “खरं आहे. घरी ये. मी भात लावतो.” माझ्या आठवणीत बाबांनी कधी भात लावला नव्हता. त्या दिवशी आम्ही घरी गेलो तेव्हा तो खाली लागला होता आणि आईनं करपलेला भाग बाजूला सारून तो निमूटपणे खाल्ला. जेवण झाल्यावर दोघं बराच वेळ बाल्कनीत शेजारी शेजारी उभी होती. मी आत पडून राहिले. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारलंही नाही.

पुढचे तीन आठवडे सोमवार आणि गुरुवार परळ. गोळ्यांनी खाज पूर्ण गेली नाही, पण निम्म्यावर आली, आणि झोप लागू लागली. खरी गंमत अशी की आजार आहे हे कळल्यावर मला हलकं वाटत होतं. महिनाभर मी स्वतःलाच खोटं ठरवत आले होते. धोका होता, भीतीही होती. दर तासाला मी पोटावर हात ठेवून बाळाचं हलणं मोजायची. पण आता ती भीती माझ्या एकटीची नव्हती. नवरा दुपारी ऑफिसातून फोन करून फक्त विचारायचा, “हलतंय ना?” आणि मी “हो” म्हटलं की ठेवून द्यायचा. एकदा तो म्हणाला, “त्या दिवशी मी तुला म्हटलं ना, काही नसेल. चुकलं माझं.” मी म्हटलं, “मलाही तसंच वाटायला लागलं होतं.” मम्मी लालबागहून दर दोन दिवसांनी यायच्या. त्यांनी जावळाचा विषय पुन्हा काढला नाही. येताना मात्र दर वेळी शहाळी घेऊन यायच्या आणि सगळ्यांना प्यायला लावायच्या, बाबांनासुद्धा.

छत्तिसावा आठवडा पूर्ण झाल्यावर रक्तातलं पित्त पुन्हा वाढलेलं दिसलं. मॅडम म्हणाल्या, आता थांबायचं नाही. सकाळी दाखल केलं, कळा आणायचं औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा झाला. जेमतेम सव्वादोन किलोचा. रडला तेव्हा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं दुसऱ्याच कुठल्या खोलीतून येतोय. एक दिवस त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, थोडी कावीळ झाली ती निळ्या दिव्याखाली उतरली. ती तरुण डॉक्टर तिची ड्युटी नसताना त्याला बघायला आली. आईनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, तेव्हा ती लाजली आणि म्हणाली, “मावशी, मी फक्त ऐकलं. सांगितलं तर तुम्ही.”

चौथ्या दिवशी आई मला दूध देत होती. तिनं विचारलं, “हात कसे आहेत?” मी दोन्ही हातांकडे पाहिलं. खाज कधी थांबली ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

दीड महिन्यानं माझे रिपोर्ट सगळे सरळ आले. पुढच्या खेपेला हे पुन्हा होऊ शकतं, पहिल्या दिवसापासून सांगायचं, असं बजावून परळहून सुट्टी मिळाली. त्या आठवड्यात मी फाइल घेऊन दादरला गेले. नवरा म्हणाला होता, कशाला जातेस, झालं ते झालं. मला भांडायचं नव्हतं. पण त्या बाकांवर अजूनही वीस-पंचवीस जणी बसलेल्या असणार, हे डोक्यातून जात नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. “अरे, तुम्ही आलाच नाहीत नंतर. झाली डिलिव्हरी?” मी रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला. त्या वाचू लागल्या आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं. आधी त्या म्हणाल्या, “हे फार कमी जणींना होतं, तुम्हाला माहीत आहे ना?” मी म्हटलं, “माझ्या आईलापण झालं होतं. तिचं मूल गेलं.” त्यांनी पुन्हा रिपोर्टकडे पाहिलं. बाहेरून नर्स पुढच्या पेशंटचं विचारायला डोकावली, तिला त्यांनी हातानं थांबवलं.

“तुम्ही तीनदा सांगितलं होतंत.”

“हो.”

“तळवे म्हणाला होतात. पुरळ नाही म्हणाला होतात. एक रक्ताची टेस्ट करायची होती फक्त.” त्या स्वतःशीच बोलत होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “माझं चुकलं. तुमचं नशीब आणि तुमची आई, म्हणून बाळ आहे. माझ्यामुळे नाही.”

मला वाटलं होतं हे ऐकून मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांनी बाळाचा फोटो मागितला, मी दाखवला, त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला. निघताना मी हात जोडले आणि त्यांनीही जोडले. काही महिन्यांनी आमच्या दुकानात हिशेबाला बसणारी एक मुलगी त्यांच्याकडे तपासणीला गेली होती. ती मला सांगत आली, “अगं, तुझ्या त्या बाई ना, वजन घ्यायच्या आधी विचारतात, तळहात-तळपाय खाजतात का म्हणून. सगळ्यांनाच विचारतात. दारावर कागदपण लावलाय.”  घरी जाताना मी वाटेत एकटीच हसत होते.

मुलगा लहान चणीचा होता म्हणून बारसं बाराव्या दिवशी केलं नाही, दोन महिन्यांनी केलं, माझगावच्या घरीच. चाळीस एक बायका दोन खोल्यांत. पाळणा मधोमध टांगलेला. आईच्या जुन्या लालबागच्या चाळीतल्या एक आजी आल्या होत्या, काठी टेकत तीन मजले चढून. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या मोठ्यानं बोलतात. त्यांनी आईला विचारलं, “तुला काय, ही एकच ना?”

आईच्या हातात घुगऱ्यांचं पातेलं होतं. एरवी या प्रश्नाला ती नुसती मान हलवायची. ती मान मी लहानपणापासून पाहिली आहे.

“नाही हो,” ती तितक्याच मोठ्यानं म्हणाली. “दोन. पहिलीपण मुलगीच होती. नवव्यात गेली.”

आजूबाजूच्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं. मला बहीण होती हे मला तेव्हा समजलं. त्या दिवशी बाकावर ते विचारायचा धीर मला झाला नव्हता. आजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा झालेला हात आईच्या पाठीवर ठेवला. “आठवते मला,” त्या म्हणाल्या. “तू किती दिवस गॅलरीत आली नव्हतीस. आम्हाला कोणी बोलू देत नव्हतं तुझ्याशी.”

“आता बोला,” आई म्हणाली. तिनं पातेलं माझ्या सासूबाईंकडे दिलं आणि आजींना हाताला धरून खिडकीजवळच्या कॉटवर बसवलं, स्वतःही बसली. पाळण्याभोवती बायकांनी गाणं सुरू केलं होतं, कोणाला पुढचं कडवं आठवत नव्हतं आणि सगळ्या एकमेकींकडे बघून हसत होत्या. मम्मी घुगऱ्या वाटत फिरत होत्या. मी मुलाला मांडीवर घेऊन बसले होते, आणि त्या गलक्यात आई त्या आजींच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होती, केस काळेभोर होते, हाताची बोटं लांब होती, अगदी हिच्यासारखी.